वाघ दिसला का?

जंगलातून परतलेल्या माणसाला विदर्भात पहिला प्रश्न हाच विचारला जातो. ‘हो’ म्हटलं की फोन पुढे करावा लागतो. ‘नाही’ म्हटलं की समोरचा असा हळहळतो, जणू आपण परीक्षेत नापास झालोय. या एका प्रश्नानं जंगलाच्या गोष्टीचं काय केलं, ते तपासायला हवं. कारण सफारी आता फक्त फिरण्याचा प्रकार उरलेली नाही. ती गोष्ट सांगण्याचा एक साचा झालीय, आणि रील, स्टेटस, रविवारच्या पुरवणीतला प्रवासलेख, सगळे त्याच साच्यातून निघतात.

साचा ओळखीचा आहे. पहाटेचं गेट, थंडीत कुडकुडणारी माणसं, जिप्सी, गाइडची कुजबुज. मग तासभर ‘काहीच नाही’. या ‘काहीच नाही’मध्ये चितळांचा कळप, मोर, वारुळं, मोहाची झाडं, सांबराची चिखलातली लोळण असं सगळं जमा असतं. मग चितळ ओरडतं, गाड्या पळतात, वाघ रस्ता ओलांडतो. गोष्ट संपली. वाघ दिसला नाही, तर गोष्टच झाली नाही.

गोष्टीचा असा हट्ट असला की तो जमिनीवरही उतरतो. ३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात गोठणगावकडे ‘एफ-२’ वाघीण आणि तिचे पाच बछडे पर्यटकांच्या गाड्यांमध्ये अडकले. व्हिडिओ पसरला, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली, चालक आणि गाइडवर कारवाई झाली. कारवाई योग्यच होती. पण ते चालक काय करत होते? गाडीतल्या माणसाला हवा असलेला शेवट मिळवून देत होते. त्या शेवटाची मागणी करणाऱ्यांची, म्हणजे आपली, चौकशी करायची तर ती वाचक आणि प्रेक्षक म्हणूनच करावी लागेल.

सुरुवात शब्दांपासून करू. सफारीची भाषा ऐका: साइटिंग, कॉल, मेल, सब-अडल्ट, हेड-ऑन. पांढऱ्या सालीच्या कांडोळाला गाइड ‘घोस्ट ट्री’ म्हणतो, कारण पर्यटकाला ते लक्षात राहतं. गाइडला त्याचं गावातलं नाव ठाऊक असतं, पण ते त्याला कुणी विचारत नाही. या भाषेत वाघासाठी डझनभर शब्द आहेत आणि उरलेल्या जंगलासाठी जवळपास एकही नाही. ज्याला नाव नाही, ते डोळ्यांसमोर असूनही दिसत नाही.

मारुती चितमपल्लींचं मोठं काम इथे आहे. वनाधिकारी म्हणून ते कर्नाळा, नवेगावबांध, नागझिरा, मेळघाट अशा जंगलांत राहिले आणि तिथल्या माणसांकडून शब्द गोळा करत गेले. नव्हते तिथे त्यांनी घडवले. कावळ्यांच्या वसाहतीला ‘काकागार’, बगळ्यांच्या वसाहतीला ‘सारंगागार’ हे शब्द मराठीला त्यांनी दिले. शब्द मिळाला की नजर थांबते. १८ जून २०२५ रोजी ते गेले तेव्हा समाजमाध्यमांवर श्रद्धांजलीचा पूर आला. त्यांचे किती शब्द आज आपल्या जिप्सीत ऐकू येतात, हा प्रश्न मात्र त्या पुरात कुठे दिसला नाही. तरी एक तक्रार उरते. त्यांच्या लेखनात लोकसमजूत आणि निरीक्षण इतकं मिसळलेलं असतं, की नवख्या वाचकाला दोहोंतली रेघ सापडत नाही. शिवाय ज्यांच्याकडून त्यांनी ज्ञान घेतलं, त्याच माणसांवर चालणारी खात्याची सत्ता त्यात तितकी ठळक होत नाही.

व्यंकटेश माडगूळकरांचं ‘नागझिरा’ सफारीच्या साच्यासमोर ठेवून पाहा. लेखक त्या जंगलात मुक्काम करतो, पायी हिंडतो, बसून राहतो. वेळ हाच त्या पुस्तकाचा खरा विषय आहे. साडेतीन-चार तासांच्या फेरीत जे ‘वाट बघणं’ असतं, ते इथे ‘बघणं’ होतं. ‘सत्तांतर’मध्ये तर त्यांनी वाघाला बाजूला ठेवून वानरांच्या टोळ्यांवर अख्खी कादंबरिका उभी केली आणि १९८३चा साहित्य अकादमी पुरस्कारही मिळवला. आज जिप्सी ज्या वानरांपाशी क्षणभरही थांबत नाही, त्यांच्यात सत्ता, हिंसा, पिल्लांची काळजी, सगळं नाट्य होतं. माडगूळकरांचं जंगल मात्र शहराला विटलेल्या माणसाचा एकांत आहे. तिथे राहणाऱ्यांसाठी ते शेत, सरपण आणि भीती असतं. ही बाजू तिथे मागे पडते.

ती बाजू पुढे आणायचा प्रयत्न अमित मसूरकरच्या ‘शेरनी’नं केला. जून २०२१मध्ये ओटीटीवर आलेला हा सिनेमा वाघिणीवर आहे, आणि वाघीण त्यात फारशी दिसतच नाही. दिसतात त्या बैठका, कॅमेरा ट्रॅप, गुरं चारायला जागा मागणारे गावकरी आणि थकलेली वनाधिकारी. राजकारणी आणि शिकारी एकरंगी झालेत, हा त्याचा दोष आहे. पण ‘वाघ दिसला का?’ या प्रश्नाला त्यानं दिलेलं उत्तर धाडसी आहे: वाघ न दाखवता दोन तास खिळवून ठेवणं. शेवटी वाघिणीची पिल्लं जिवंत सापडतात आणि वनाधिकारी बाईंची बदली भुसा भरलेल्या प्राण्यांच्या संग्रहालयात होते.

सिनेमा पाहताना आठवते ती अवनी, म्हणजे टी-१. १३ माणसांच्या मृत्यूचा ठपका असलेली ही वाघीण २ नोव्हेंबर २०१८ रोजी यवतमाळ जिल्ह्यात मारली गेली. तिची मादी बछडी पेंचमध्ये आणून वाढवली, मार्च २०२१मध्ये जंगलात सोडली. काही दिवसांतच दुसऱ्या वाघिणीशी झालेल्या झुंजीत जखमी होऊन ती मेली. सिनेमानं ज्या पिल्लांवर आशा ठेवली, त्यांच्यासारखंच एक पिल्लू सिनेमा येण्याच्या तीन महिने आधी संपलं होतं. खरं जंगल पटकथेपेक्षा कठोर निघालं.

पेंचचं नाव आलंच आहे, तर सफारीच्या गोष्टीत कधीच न येणारं एक पात्र सांगायला हवं: पाणी. तोतलाडोहचा जलाशय या व्याघ्र प्रकल्पाच्या पोटात आहे. ते पाणी खाली नवेगाव खैरीला येतं आणि तिथून शेतांना, नागपूरच्या नळांना, कोराडी आणि खापरखेड्याच्या औष्णिक वीज केंद्रांना जातं. आम्हा कोराडीकरांना चिमण्या रोज दिसतात, पण त्यांच्यामागचं जंगल दिसत नाही. ज्या विजेवर फोन चार्ज करून आपण सिल्लारीच्या गेटवर उभे राहतो, तिच्यात पेंचचं पाणी असतं. धरणाच्या कामाला आलेली माणसं तिथेच मासेमारीवर जगू लागली आणि पुढे त्यांची वस्ती हटवली गेली, हेही या गोष्टीतच येतं. जानेवारी २०२४मध्ये पेंचला देशातलं पहिलं ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली. आपल्याच दिव्यांनी पुसलेले तारे बघायला आपण तिथे पैसे भरून जातो.

सफारीची गोष्ट आपल्याला फक्त पाहुणा करते. पाहुण्यानं बघावं, फोटो काढावा, घरी जावं. कोराडीच्या घराघरातला माणूस मात्र पेंचचा पाहुणा नाही, त्याच्या पाण्यातला वाटेकरी आहे. वाटेकऱ्यानं सांगितलेली जंगलाची गोष्ट मराठीत अजून फारशी लिहिली गेलेली नाही. चितमपल्लींकडे तिच्यासाठी शब्द आहेत, माडगूळकरांकडे वेळ आहे, ‘शेरनी’कडे माणसं आहेत. हे तिन्ही एकत्र आणणारा लेखक बहुधा आत्ता कुठल्यातरी जिप्सीत मागच्या सीटवर बसला असेल. त्यानं गाइडला एवढंच विचारावं, ‘दादा, या झाडाला तुमच्या गावात काय म्हणतात?’