संदेष्ट्याचा निवाडा आणि सुरत

जुन्या करारातील आमोसाचा ग्रंथ अवघ्या नऊ अध्यायांचा आहे. परंतु न्यायकल्पनेची इतकी निष्ठुर व कुशल मांडणी प्राचीन वाङ्मयात क्वचितच आढळते. ख्रिस्तपूर्व आठव्या शतकातील हा तकोवा गावचा मेंढपाळ दुसऱ्या यराबामाच्या भरभराटीच्या काळात इस्राएलाच्या राज्यात येऊन बोलला, आणि बेथेलच्या याजकाने त्यास निघून जाण्यास फर्माविले.

त्याचे कौशल्य ग्रंथारंभीच दिसते. दिमिष्क, गज्जा, सोर, अदोम, अम्मोन, मवाब या शेजाऱ्यांच्या अपराधांचा तो एकामागून एक निवाडा करतो. श्रोत्यांनी माना डोलवाव्यात अशीच ही योजना आहे. मग यहूदाची पाळी येते आणि अखेरीस श्रोत्यांचीच. खोटी मापे, कपटाचा तराजू, जोड्याच्या मोलाने विकला जाणारा दरिद्री, असा हा आरोप आहे. दुसऱ्यासाठी मान्य केलेले माप आपल्यालाही लागू होते, हाच त्याच्या रचनेचा अर्थ होय.

मराठी वाचकाने ही रचना सुरतेच्या संदर्भात वाचून पाहावी. सुरत म्हटले की आपल्याला १६६४ व १६७० ही वर्षे आठवतात आणि मोगलांच्या धनाढ्य बंदराला मिळालेल्या शासनाचे समाधान वाटते. त्या शासनात विवेक होता, असेही दिसते. कॅपुचिन पाद्र्यांचे निवासस्थान आणि डच वखारीच्या एका दिवंगत, दानशूर दलालाचे घर शिवाजीमहाराजांनी वगळल्याचे फ्रेंच प्रवासी बर्निये याने नमूद केले आहे. आमोस ‘मिश्पात’ व ‘त्सदाका’ हे शब्द जोडीने योजतो. पहिला निवाड्याचा, दुसरा नीतिमत्त्वाचा, ज्याला पुढे दानधर्माचाही अर्थ आला. बर्नियेच्या कथेत हे दोन्ही अर्थ एकत्र आलेले दिसतात.

तथापि १६६४ च्या स्वारीत शहराचा मोठा भाग जळाला, हेही तितकेच खरे. जळालेले प्रत्येक घर काही धनिकाचे नव्हते. आपल्या ऐतिहासिक कथनात वगळलेल्या घराला जागा मिळते. जळालेल्या घराला क्वचितच मिळते. आमोसाच्या कसोटीला ही निवड उतरत नाही.

येथे गंगारामाच्या १७५१ मधील ‘महाराष्ट्रपुराण’ या बंगाली काव्याचे स्मरण होते. पापाने भारावलेल्या बंगालवर मराठ्यांची स्वारी हे दैवी शासन, असे हा कवी प्रथम सांगतो. पुढे स्वारांच्या अत्याचारांनी देवीच त्यांच्यावर रुष्ट होते आणि भास्करपंतांचा वध होतो. शासन करणाराही शासनास पात्र ठरतो, हा आमोसाचाच क्रम. आणि तो लुटल्या गेलेल्या प्रांतातील कवीने, बायबलाशी कसलाही संबंध न दाखविता, गाठलेला आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लंडन मिशनच्या स्किनर व फाय्वी यांनी बायबलाचे गुजराती भाषांतर केले, ते सुरतेतच. कपटाच्या तराजूचे वचन अशा रीतीने त्या व्यापारी शहरास त्याच्या भाषेत मिळाले. तराजूचे वचन सुरतेच्या पेढीसाठी आणि ग्रंथाचा पूर्वार्ध आपल्यासाठी, अशी सोयीची वाटणी मात्र मराठी वाचकास करता येणार नाही. आमोसाने आपल्या ग्रंथात शेवटची पाळी नेहमी ऐकणाऱ्यासाठी राखून ठेवली आहे. आपल्या इतिहासविषयक ललित लेखनाने ती पाळी अद्याप पुरेशी स्वीकारलेली नाही.