पंचनामा आणि जबानी : चित्रपटांवरील चित्रपटांची आजची अवस्था

साहित्याची समीक्षा शब्दांतच होत असल्यामुळे मूळ कृतीतील ओळ उचलून आपल्या वाक्यात बसविण्याची सोय साहित्यसमीक्षकाला प्रारंभापासूनच लाभलेली आहे. चित्रपटाच्या समीक्षकाला मात्र कित्येक दशके, अंधारात एकदा पाहिलेले आणि पुन्हा सहजी हाती न येणारे दृश्य केवळ स्मरणाच्या बळावर कागदावर उतरवावे लागले, आणि त्या उतरवण्यात प्रकाश, गती, ध्वनी व क्षणाची लांबी ही त्याची प्रमुख अंगेच गळून पडली. चित्रपटाचे विवेचन चित्रपटानेच करावे, हा या अडचणीवरचा उघड उपाय होता. परंतु उपाय हाती आला म्हणजे त्याचा उपयोग होतोच असे नाही. या जातीच्या निर्मितीतील फार मोठा हिस्सा आजही गौरवग्रंथांच्या कुळातला आहे : वयोवृद्ध नटनट्यांच्या आठवणी, चित्रीकरणाच्या वेळच्या गमतीजमती, दिवंगत दिग्दर्शकाविषयी त्याच्या सहकाऱ्यांचे भरून आलेले कंठ, आणि मधूनमधून मूळ चित्रपटाचे तुकडे, तेही पुरावा म्हणून नव्हे तर शोभेसाठी.

या प्रघाताला छेद देणारी काही मोठी नावे अर्थातच आहेत. गोदारने १९८८ ते १९९८ या दशकात आठ भागांत चित्रपटाचा जो इतिहास रचला, तो इतिहासापेक्षा शतकावरचे स्वगत अधिक होता. टॉम अँडरसनचा ‘लॉस एंजेलिस प्लेज इटसेल्फ’ (२००३) हा एका शहराच्या वतीने चित्रपटसृष्टीविरुद्ध मांडलेल्या कैफियतीसारखा आहे. आपल्या इमारती, रस्ते आणि वस्त्या पडद्यावर कोणत्या सोंगात उभ्या केल्या गेल्या, याचा जाब तिथे शहरच विचारते. मार्क कझिन्सने २०११ मध्ये पंधरा भागांची ‘द स्टोरी ऑफ फिल्म’ ही मालिका केली, आणि हॉलिवूडला केंद्रस्थानावरून थोडे बाजूला सारून मणि कौल आणि अमिताभ बच्चन यांनाही एकाच कथेत स्थान दिले. मात्र या तिघांची दृष्टी मुख्यतः रचणाऱ्यावर आणि रचनेवर खिळलेली आहे. चित्रपट पाहणाऱ्याच्या मनात पुढे त्याचे काय होते, हा प्रश्न आयुष्यभराचा विषय म्हणून ज्याने पत्करला असा दिग्दर्शक पाहावयाचा, तर अलेक्झांड्र फिलिपकडे वळावे लागते.

जन्माने जिनीव्हाचा आणि अमेरिकेतील डेन्व्हर येथे स्थायिक झालेला हा दिग्दर्शक आपल्याकडे भयपटांचा चाहता म्हणून थोडाबहुत ठाऊक आहे. पण त्याच्या कृती क्रमाने पाहिल्या असता त्यांत एका प्रश्नाचा पाठपुरावा दिसतो. ‘द पीपल व्हर्सेस जॉर्ज लुकास’ (२०१०) या चित्रपटाचे नावच खटल्याचे आहे. १९७७ च्या ‘स्टार वॉर्स’मध्ये लुकासने १९९७ साली फेरफार केले आणि मूळ आवृत्ती जवळजवळ चलनातूनच काढून घेतली, हाच लुकास १९८८ साली, जुन्या चित्रपटांत असे फेरफार होऊ नयेत म्हणून अमेरिकन काँग्रेससमोर साक्ष देऊन आला होता. कृतीवर मालकी कर्त्याची की तिच्यावर बालपण पोसलेल्या प्रेक्षकाची, हा त्या खटल्यातील वादाचा मुद्दा, आणि फिर्यादी म्हणून उभे राहिले होते जगभरातून आपापल्या चित्रफिती पाठविणारे सामान्य चाहते. चित्रपट विस्कळीत आहे, गलबल्याने भरलेला आहे. तरीही प्रेक्षक हाच चित्रपटाच्या परिणामाचा खरा साक्षीदार होय, ही जाण त्यात प्रथमपासून आहे.

त्यानंतरचा ‘७८/५२’ (२०१७) हा त्याचा सर्वांत ख्यातनाम चित्रपट. हिचकॉकच्या ‘सायको’मधील (१९६०) स्नानगृहातील हत्येचा जेमतेम तीन मिनिटांचा प्रसंग अठ्ठ्याहत्तर कॅमेरा-योजना आणि बावन्न काप यांतून सिद्ध झाला, आणि त्याच्या चित्रीकरणाला सात दिवस लागले. एवढ्याशा ऐवजावर फिलिप दीड तासाचा चित्रपट उभा करतो. पोलीसपाटलाने घटनास्थळी बसून करावा तसा हा पंचनामा आहे : जॅनेट लीच्या जागी देहाने उभी राहिलेली मार्ली रेन्फ्रो, सुरीच्या वारांचा आवाज मिळविण्यासाठी भोसकलेली खरबुजे, रक्त म्हणून वापरलेला चॉकलेटचा पाक, बर्नार्ड हरमनची किंचाळणारी तंतुवाद्ये, यांतील काहीही नोंदीवाचून सुटत नाही. पण केवळ तपशील गोळा करून तो थांबला असता तर हा चित्रपट कारागिरीच्या कौतुकापलीकडे गेला नसता. भिंतीतील ज्या छिद्रातून मोटेलचालक नॉर्मन हत्येआधी त्या स्त्रीकडे पाहतो, ते छिद्र झाकणाऱ्या तसबिरीत स्नान करणाऱ्या सुझानाला चोरून न्याहाळणारे वृद्ध चितारलेले आहेत, ही गोष्ट पुढे आली की तपशिलाला एकदम अर्थ फुटतो. नॉर्मनबरोबर आपणही पाहत होतो, हे प्रेक्षकाला उमजते आणि हत्येच्या आधीच तो गुन्ह्याचा भागीदार ठरलेला असतो. समीक्षेने करावयाचे काम ते हेच.

उणीव आहे ती बोलणाऱ्यांच्या निवडीत. वॉल्टर मर्चसारखा संकलक एखाद्या कापामागचा विचार उलगडतो तेव्हा आपण शहाणे होतो. परंतु त्याच्या शेजारी प्रसंग कसा थरारक आहे एवढेच सांगणारी अनेक मंडळी बसविलेली आहेत, आणि त्यांच्या उद्गारांनी पंचनाम्याच्या कागदावर आरतीचा सूर उमटू लागतो.

‘लिंच/ओझ’मध्ये (२०२२) फिलिपने ही पद्धत बदलली. येथे बोलणाऱ्यांचे चेहरे नाहीत. सहा प्रकरणांत सहा स्वतंत्र निबंध आपण ऐकतो आणि पडद्यावर दृश्ये एकमेकांच्या शेजारी मांडली जातात. १९३९ चा ‘द विझार्ड ऑफ ओझ’ १९५६ पासून अमेरिकन दूरचित्रवाणीवर दाखविला जाऊ लागला आणि घराघरातील मुलांच्या मनात एखाद्या पुराणकथेसारखा रुजला. त्याच पिढीतील डेव्हिड लिंचच्या चित्रपटांत मग लाल पादत्राणे येतात, ‘ब्लू व्हेल्व्हेट’मधील (१९८६) नायिकेचे नाव डोरोथी असते, ‘वाइल्ड अॅट हार्ट’मध्ये (१९९०) चांगली चेटकीण आकाशातून अवतरते, आणि पडदा सारला की त्यामागे दुसरे जग उभे असते. लिंच स्वतः येथे खुलासा करावयास येत नाही, हे या चित्रपटाचे भाग्यच म्हटले पाहिजे. कारण कर्त्याने कबुली दिली की समीक्षकाला विचार करण्याचे कारण उरत नाही. तथापि सादृश्यांची साखळी लांबत गेली की ‘कोणत्या अमेरिकन चित्रपटात घर सोडून परतणे नाही?’ असा प्रश्न मनात डोकावतो, आणि प्रभाव व योगायोग यांतील सीमारेषा आखण्याची जबाबदारी दिग्दर्शकाने टाळली असे वाटू लागते.

त्या मानाने ‘द टेकिंग’ (२०२१) हा कमी गाजलेला चित्रपट मला अधिक जबाबदार वाटतो. अॅरिझोना व यूटा यांच्या सीमेवरील मॉन्युमेंट व्हॅली ही नाव्हाहो लोकांची भूमी. जॉन फोर्डने ‘स्टेजकोच’पासून (१९३९) तिचे असे चित्रण केले की ती कोणाच्याच ताब्यात नसलेली, गोऱ्या वीरांची वाट पाहणारी आदिम पश्चिम भूमी म्हणून जगभर ओळखली जाऊ लागली. जाहिराती, पर्यटन आणि पुढचे चित्रपट यांनी ती ओळख पक्की केली. जमिनीचा ताबा जसा दस्तऐवजाने घेता येतो, तसा तो प्रतिमेनेही घेता येतो, हे येथे दृश्यांच्या आधारे सिद्ध होते. आणि चित्रपटाचा प्रभाव म्हणजे केवळ एका दिग्दर्शकाने दुसऱ्याकडून उचललेली क्लृप्ती नव्हे, हेही.

‘चेन रिअॅक्शन्स’ (२०२४) या चित्रपटास व्हेनिस महोत्सवात चित्रपटविषयक सर्वोत्तम माहितीपटाचा पुरस्कार मिळाला, तो अनाठायी म्हणता येणार नाही. टोबी हूपरच्या ‘द टेक्सास चेन सॉ मॅसकर’ने (१९७४) आपल्यावर काय परिणाम केला, याची पाच जणांची पाच प्रकरणांतील जबानी, एवढाच त्याचा आराखडा. जपानी दिग्दर्शक ताकाशी मिइके सांगतो की पौगंडावस्थेत तो चॅप्लिनचा ‘सिटी लाइट्स’ पाहावयास गेला होता. तिकिटे संपली म्हणून तो दुसऱ्या चित्रपटगृहात शिरला आणि त्याच्या आयुष्याची दिशा ठरली. ऑस्ट्रेलियातील समीक्षिका अलेक्झांड्रा हेलर-निकोलस यांनी हा चित्रपट झिजलेल्या, पिवळट पडलेल्या व्हीएचएस फितीवर पाहिला, आणि तो पिवळेपणाच त्यांना आपल्या देशातील तापलेल्या भूप्रदेशाचा वाटला. प्रतीचा दोष अनुभवाचा अंश होऊन बसतो, ही गोष्ट चित्रपटशास्त्राच्या जाडजूड ग्रंथांपेक्षा या एका जबानीतून अधिक स्वच्छपणे कळते. पंचनाम्यापासून जबानीपर्यंतचा हा प्रवास फिलिपच्या कलेचा खरा विकास होय.

पण त्या विकासाची किंमतही त्याने मोजली आहे. लुकासच्या खटल्यातील अनामिक चाहते कुठे गेले? ‘चेन रिअॅक्शन्स’च्या साक्षीदारांत स्टीफन किंगसारखा कादंबरीकार आहे, दिग्दर्शक आहेत, विनोदी नट आहे, समीक्षिका आहे, चित्रपट पाहून ज्याने काहीच निर्माण केले नाही, असा मात्र एकही नाही. त्यामुळे प्रभाव म्हणजे कलावंतापासून कलावंताकडे जाणारा वारसा असा समज नकळत दृढ होतो, आणि ज्या कोट्यवधी माणसांच्या बोलण्याचालण्यावर, भीतीवर, भक्तीवर चित्रपटाने अंमल गाजविला, ती दप्तराबाहेर राहतात. रॉडनी अॅशरच्या ‘रूम २३७’ने (२०१२) कुब्रिकच्या ‘द शायनिंग’चे अतर्क्य अर्थ लावणाऱ्या पाच जणांचे आवाज ऐकविले, तेव्हा त्यांच्या तर्कांतील वेडेपणासह पाहण्याच्या क्रियेचे जे दर्शन घडले, ते नामवंतांच्या सुघड निवेदनांतून क्वचितच घडते.

आपल्याकडे चित्र नेमके उलट आहे. शिवेंद्रसिंह डुंगरपूर यांचा ‘सेल्युलॉइड मॅन’ (२०१२) हा पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचे शिल्पकार पी. के. नायर यांच्यावरील जवळजवळ पावणेतीन तासांचा माहितीपट. १९६४ साली स्थापन झालेल्या या संस्थेत नायर पुढच्याच वर्षी रुजू झाले आणि १९९१ मध्ये संचालकपदावरून निवृत्त होईपर्यंत त्यांनी सुमारे बारा हजार चित्रपट जमविले. फाळक्यांच्या चित्रपटांचे अवशेष नायर यांनी नाशिकला फाळके कुटुंबीयांकडून मिळविले. भारतात निघालेल्या सुमारे सतराशे मूकपटांपैकी अवघे नऊ उरले, हा चित्रपटातील आकडा ऐकला म्हणजे आपल्याकडील या जातीच्या कृती विवेचनाऐवजी शोकाकडे का झुकतात याचे कारण कळते : ज्या दृश्यातून अवतरण घ्यावयाचे, ते दृश्यच जळालेले, कुजलेले किंवा चांदीसाठी वितळविलेले असते. २००३ मध्ये प्रभातच्या जुन्या साठवणगृहातील नायट्रेट चित्रपटांना आग लागली, ती याच कथेतील एक प्रकरण. तरीही या चित्रपटातील सर्वांत मोलाचा भाग शोकाचा नाही. कर्नाटकातील हेग्गोडू या गावी संग्रहालयाने जगभरातले चित्रपट नेले होते. तेथील सुपारीच्या बागांत राबणारी माणसे ‘बायसिकल थीव्ह्ज’ आणि ‘राशोमोन’विषयी बोलू लागतात, तेव्हा फिलिपच्या दप्तरात नसलेला साक्षीदार आपल्यासमोर उभा राहतो.

असे साक्षीदार आपल्या माहितीपटांनी आणखीही मिळविले आहेत. फैजा अहमद खान यांच्या ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’मध्ये (२००८) यंत्रमागांच्या त्या शहरातील नासिर शेख आणि त्यांचे सोबती ‘सुपरमॅन’ची मालेगावी आवृत्ती काढतात, आणि यंत्रमागावर राबणारा किरकोळ देहाचा शफिक महावीर होऊन उडू पाहतो. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांच्या ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’मध्ये (२०१६) महाराष्ट्राच्या जत्रांतून फिरणारे तंबू, गंजलेले प्रोजेक्टर आणि डिजिटल यंत्रांपुढे हात टेकणारे टुरिंग टॉकीजवाले आहेत, कान महोत्सवात त्याची विशेष दखल घेतली गेली. माणसे यांत जिवंत आहेत, त्यांच्याविषयीची माया निर्भेळ आहे. पण ज्या चित्रपटाने ही माणसे वेडावली त्यातले नेमके कोणते दृश्य, कोणती चौकट, कोणता आवाज त्यांना धरून बसला, हे विचारण्यापूर्वीच कॅमेरा त्यांच्या हलाखीकडे वळतो. फिलिपकडे पंचनामा आहे, पण जबानी केवळ प्रतिष्ठितांची. आपल्याकडे सामान्यांची जबानी आहे, पण पंचनामाच झालेला नाही.

अवतरणांचा खर्च आणि हक्कमालकांची परवानगी ही सबब येथे पुढे येते, आणि ती सर्वस्वी खोटी नाही. अँडरसनचा चित्रपट याच कारणाने वर्षानुवर्षे घरगुती विक्रीला येऊ शकला नव्हता. तथापि आपल्या १९५७ च्या प्रताधिकार कायद्यातील ५२ वे कलम समीक्षेसाठी न्याय्य वापराची मुभा देते. दृश्य खरोखर तपासण्यासाठी वापरले तर त्या मुभेचा आधार घेता येतो; सजावटीसाठी वापरले तर तो घेता येऊ नये, हे योग्यच आहे. म्हणजे कायदाही अप्रत्यक्षपणे समीक्षेचीच मागणी करतो.

या दोन पद्धतींचा संयोग करण्याजोगा विषय आपल्याकडे शोधावा लागू नये. १९७५ च्या ‘जय संतोषी माँ’ने एका अल्पख्यात देवतेचे शुक्रवारचे व्रत देशभर नेले, मराठी घरांतही आणले, चित्रपटगृहाच्या दारात पादत्राणे काढून प्रेक्षक आत जात आणि पडद्यावर फुले व नाणी उधळीत. चित्रपटाच्या प्रभावाचे इतके उघड उदाहरण जगाच्या इतिहासात थोडेच सापडेल. त्यातील आरतीचा प्रसंग ‘७८/५२’च्या काटेकोरपणे चौकटीगणिक तपासावा, आणि त्याच प्रसंगासमोर बसवून ज्या स्त्रियांनी ते व्रत केले, मोडले किंवा सुनेकडे सोपविले, त्यांची जबानी घ्यावी, प्रतिमा आणि श्रद्धा यांचा व्यवहार कसा झाला, याचा निवाडा त्यानंतरच करता येईल. हे काम लांबणीवर टाकण्याजोगे नाही, कारण ज्यांनी तरुणपणी ते व्रत धरले त्या आज सत्तरीच्या पुढे आहेत, आणि फितीसाठी जसे शीतगृह बांधता येते तसे साक्षीदारासाठी बांधता येत नाही. रिळे वाचविण्याची जाग आपल्याला उशिरा का होईना आली. प्रेक्षक हाही त्याच संग्रहाचा भाग आहे, हे मान्य केल्याखेरीज या कलेला आपल्याकडे प्रौढत्व येणार नाही.