सूर्याच्या शेजाराचा इतिहास : एक परीक्षण

ज्या खटल्यास प्रत्यक्षदर्शी साक्षीदार नसतो, तो परिस्थितिजन्य पुराव्यावर चालवावा लागतो. अशा पुराव्याची साखळी अखंड असावी लागते, हे वकिली करणाऱ्या कोणासही सांगावयास नको. कॅथरिन झुकर, ॲलिसा गुडमन, जुआंव आल्विश प्रभृती संशोधकांनी जानेवारी 2022 मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात प्रसिद्ध केलेला निबंध आम्ही याच दृष्टीने वाचला. आम्ही ज्योतिर्विद नव्हेत. परंतु पुरावा तोलण्याची थोडीफार सवय आम्हांस आहे.

सूर्याच्या सभोवती सुमारे एक हजार प्रकाशवर्षे रुंदीचा एक पोकळ प्रदेश आहे. त्यातील वायू अतिशय विरळ, पण सुमारे दहा लाख अंश तप्त. कडेला मात्र थंड वायू व धूळ यांचे दाट कवच. ‘स्थानिक बुडबुडा’ या नावाने ओळखली जाणारी ही पोकळी 1970 च्या दशकापासून शास्त्रज्ञांच्या परिचयाची आहे. ती केव्हा व कशी निर्माण झाली, याची सुसंगत हकीकत या निबंधाने मांडली. सुमारे 1 कोटी 44 लक्ष वर्षांपूर्वी वृश्चिक व नरतुरंग या राशींच्या दिशेस जन्मलेले प्रचंड तारे एकामागून एक फुटू लागले. त्या स्फोटांनी वायू बाहेर लोटला, तो कवचात साठला, आणि त्याच कवचात वृषभ, भुजंगधारी, वृक इत्यादी दिशांचे नवे तारे आज जन्म घेत आहेत. आपला सूर्य तेव्हा तेथे नव्हता. तो सुमारे 50 लक्ष वर्षांपूर्वी वाटेत आत शिरला. आज तो मध्याजवळ दिसतो, हा निव्वळ योगायोग आहे.

या हकीकतीचा मुख्य आधार ‘गाया’ हे युरोपीय अंतराळयान होय. डिसेंबर 2013 मध्ये सोडलेल्या आणि जानेवारी 2025 पर्यंत निरीक्षण करीत राहिलेल्या या यानाने ताऱ्यांची अंतरे व गती अपूर्व सूक्ष्मतेने मोजल्या. तरुण ताऱ्यांच्या गती उलट दिशेने चालवून पाहिल्या असता ते या पोकळीच्या अंतर्भागातून बाहेर सरकत आले असल्याचे दिसते. पुराव्याची ही कडी आम्हांस सर्वांत बळकट वाटते.

दुसरा पुरावा आकाशातला नसून समुद्रतळाचा आहे, आणि मुद्देमाल हाती लागावा तसा तो आहे. लोह-60 या समस्थानिकाचा अर्धायुष्यकाल 26 लक्ष वर्षे. साडेचारशे कोटी वर्षे वयाच्या पृथ्वीवर मुळातले लोह-60 शिल्लक असणे शक्यच नाही. तरीही 1999 साली पॅसिफिकच्या तळावरील खनिज कवचात ते सापडले. पुढे ते चंद्रावरून आणलेल्या मातीत आणि अंटार्क्टिकातील ताज्या बर्फातही आढळले. ते बाहेरून, फुटलेल्या ताऱ्यांकडून आले, हाच सरळ निष्कर्ष.

पण येथेच उलटतपासणीस जागा आहे. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या मोजणीनुसार हे लोह दोन काळांत पडले : सुमारे 15 ते 32 लक्ष, आणि 65 ते 87 लक्ष वर्षांपूर्वी. पहिल्या काळी सूर्य पोकळीत होता, हे जुळते. दुसऱ्या काळी, याच निबंधाच्या हिशेबाने, तो बाहेर होता! मग ते लोह त्याच्यापर्यंत कोणत्या वाटेने आले, याचे उत्तर या हकीकतीतून आपोआप निघत नाही. शिवाय 2024 साली मेराव ओफर व सहकाऱ्यांनी दुसरी शक्यता मांडली, की सुमारे 20 लक्ष वर्षांपूर्वी सूर्य एका थंड, दाट मेघातून गेला असावा आणि तेव्हाही असे लोह पृथ्वीवर पडू शकले असते. प्रतिपक्षाचा हा मुद्दा उडवून लावण्याजोगा नाही.

आमचा खरा आक्षेप निबंधावर नसून त्याच्या प्रसिद्धीवर आहे. वृत्तपत्रांनी ‘पंधरा तारे फुटले’ असे ठळक छापले. निबंधात मात्र हा अंदाज 8 पासून 26 पर्यंत जाऊ शकतो, असे स्वच्छ नमूद आहे. कोणताही न्यायाधीश अशी साक्ष ‘पंधरा’ म्हणून नोंदवणार नाही. सोबतची चित्रेही फसवी. त्यांत ही पोकळी फुंकलेल्या काचेच्या गोळ्यासारखी बंदिस्त दिसते. 2024 साली गुडमन व झुकर यांचा सहभाग असलेल्या संशोधनानेच दाखविले की ती पूर्ण बंद नसून धुराड्यासारखी उघडी आहे. स्वतःचे म्हणणे स्वतः दुरुस्त करणाऱ्या साक्षीदारावर आमचा विश्वास वाढतो, कमी होत नाही.

आमच्या मंडळींतही एक उत्साही वर्ग आहे. हे सर्व आपल्या पूर्वजांस ठाऊकच होते, असे तो म्हणेल. 43 लक्ष 20 हजार वर्षांच्या महायुगाने मोजले तर ती 1 कोटी 44 लक्ष वर्षे म्हणजे सव्वातीन महायुगांहून किंचित अधिक. एवढी मोठी फूटपट्टी आपल्या हाताशी आहे, याचे आम्हांस कौतुक वाटते. पण फूटपट्टी म्हणजे साक्ष नव्हे. असा दावा करणारा आपल्या पूर्वजांच्या गणिताचा मान वाढवीत नाही, उलट त्यांना खोट्या साक्षीस उभे करतो.

सारांश काढण्याऐवजी वाचकांनी उन्हाळ्याच्या रात्री दक्षिणेस पाहावे. अनुराधेचे तारे व लालसर ज्येष्ठा ही त्या फुटलेल्या ताऱ्यांच्याच कुळातली आहेत. ज्येष्ठाही एक दिवस फुटणार, याविषयी ज्योतिर्विदांत दुमत नाही. केव्हा, ते कोणी सांगू शकत नाही. ती सुमारे साडेपाचशे प्रकाशवर्षे दूर आहे. तेव्हा तो स्फोट आजच झाला, तरी त्याचे समन्स आपल्यावर बजावले जाण्यास साडेपाचशे वर्षे लागतील.