वसीम जाफरची किंमत कशी काढाल?

राजेहो, अकोला-अमरावतीत क्रिकेटच्या गप्पा रंगल्या की एक वाक्य हमखास येतं: ‘जाफर आला अन् विदर्भानं रणजी मारली.’ ऐकायला झकास. पण हेच तुमच्या सिनॉप्सिसमध्ये गृहीतक म्हणून आलं, तर गाईड लाल पेन काढतील. का, ते बघू.

वसीम जाफर मुंबई सोडून 2015-16 मध्ये व्यावसायिक खेळाडू म्हणून विदर्भाकडे आला. त्या हंगामात करंडक मिळाला नाही. पुढचा हंगाम दुखापतीत गेला. 2017-18 मध्ये, चाळिशीच्या उंबरठ्यावर, त्यानं 595 धावा केल्या आणि इंदूरला दिल्लीला हरवून विदर्भ पहिल्यांदा विजेता झाला. खेळाडू तोच, निकाल वेगळे. मग मधे बदललं काय? 2017 मध्ये चंद्रकांत पंडित प्रशिक्षक झाले. त्या हंगामात कर्णधार फैज फजलनं 912 धावा काढल्या. रजनीश गुरबानीनं 39 बळी घेतले, अंतिम सामन्यात हॅट्‌ट्रिक साधली. इतकी कारणं एकाच वेळी हलली असताना सगळं श्रेय एकाच्या खात्यात टाकता येत नाही. यालाच आपण कन्फाउंडिंग म्हणतो.

आता उलट्या बाजूचा दावा: ‘वय झालं होतं, पोरांची जागा अडवली.’ 2018-19 मध्ये याच माणसानं 1037 धावा केल्या आणि विदर्भानं करंडक राखला. सरासरी फलंदाजाचा वयानुसार उतरता आलेख त्याला लावणं चूक आहे. चाळिशीपर्यंत रणजीत टिकलेला फलंदाज आधीच गाळणीतून निघालेला असतो. बाकीचे कधीच घरी गेलेले असतात.

आणि ‘जागा अडवली’ म्हणजे नेमकी कोणाची? अकोल्याच्या आदित्य ठाकरेनं प्रथम श्रेणी पदार्पण त्याच इंदूरच्या सामन्यात केलं. पण तो वेगवान गोलंदाज. जाफर असण्या-नसण्यानं त्याची जागा हलत नाही. दावा करायचा तर बाहेर बसलेल्या फलंदाजाचं नाव घ्या, त्याच्या त्या वेळच्या धावा मांडा. जाफरच्या धावा वजा त्या पोराच्या संभाव्य धावा, हा फरक म्हणजे किमतीचा पाया. नुसती सरासरी म्हणजे किंमत नव्हे.

राहिला ‘पोरं त्याच्याकडून शिकली’ हा मुद्दा. खरा असेलही. पण मग मोजा: त्याच्यासोबत खेळपट्टीवर असताना तरुण फलंदाज किती टिकले, आणि दुसऱ्या कोणासोबत किती? धावफलक उपलब्ध आहेत. काम किचकट आहे, पण करता येण्यासारखं आहे.

शेवटचं. करार झाला त्या दिवशी हाती जेवढी माहिती होती, तेवढ्यावरच किंमत ठरवा. 2017 च्या उन्हाळ्यात जाफर 39 वर्षांचा होता आणि आदला हंगाम खेळला नव्हता. पुढचे दोन करंडक तेव्हा कोणालाच दिसत नव्हते. ते झाकून ठेवा आणि मग सांगा: तुम्ही सही केली असती का? कशाच्या आधारावर? हे उत्तर लिहिता आलं, की तुमचा पद्धतीचा अर्धा भाग झालाच समजा.