'खचणे' आणि 'आकसणे' : एक अर्थविवेक

उपग्रहीय रडारने टिपलेल्या भूपृष्ठाच्या प्रत्येक उताराला 'खचणे' म्हणणे, हा केवळ शब्ददोष नसून विचारदोष होय. वर्धा जिल्ह्यातील अल्लीपूर परिसरातील काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. सेंटिनेल-१ उपग्रह दर १२ दिवसांनी तीच भूमी न्याहाळतो आणि घरांवरून परतलेल्या लहरींतून मिलिमीटरांचा फरक सांगतो. त्या फरकाचे कारण मात्र सांगत नाही. एकाच उन्हाळ्याचे मापन आकसण्यालाच खचणे ठरवील. म्हणून अनेक वर्षांचा ऋतुक्रम वजा केल्यावर जो उतार शिल्लक राहील, त्यालाच 'खचणे' ही संज्ञा शोभते. धोक्याचा निर्णय करताना तर केवळ एकूण उतार पाहणे पुरेसे नाही; एकाच घराच्या दोन कोपऱ्यांतील विषम उतारानेच भिंत तडकते.