पापी असण्याचा अधिकार : पंडिता रमाबाईंची साक्ष

मागच्या वेळी ऑगस्टिनवर बोलताना एक गोष्ट अर्धवट राहिली होती, तिथूनच सुरू करतो. सोळा वर्षांचा ऑगस्टिन रात्री मित्रांबरोबर जाऊन शेजारच्या झाडाच्या नासपती चोरतो. भूक नव्हती, घरी त्याहून चांगली फळं होती. चोरलेली बरीचशी डुकरांपुढे टाकली. पुढे चाळिशी ओलांडल्यावर, बिशप झाल्यावर, हा माणूस त्या चोरीवर पानंच्या पानं लिहितो. व्याख्यान संपल्यावर आपल्यातल्या एका गृहस्थांनी मला जिन्यात गाठून विचारलं, "सर, चार फळांसाठी एवढा गहजब कशाला?"

प्रश्न रास्त आहे. आपल्या भाषेत पाप हा हिशेबाचा शब्द आहे. पापाचा घडा भरतो, पाप फेडावं लागतं, नदीत धुतलं जातं, आणि पलीकडच्या रकान्यात पुण्य असतं. त्या वहीत चार फळांची नोंद किरकोळच. ऑगस्टिनला वही नको आहे. त्याला दिसतं ते असं, की मला त्या फळांचं काही पडलं नव्हतं, मला ते वाईट असणंच आवडलं. म्हणजे बिघाड कृतीत नाही, ओढीत आहे. किर्केगार्डने १८४९ साली हाच धागा टोकाला नेला. त्याच्या मते पापाच्या विरुद्ध सद्गुण नव्हे, श्रद्धा. माणूस ज्याच्या आधारावर उभा आहे त्याच्याकडे पाठ फिरवून उभा राहतो, ते पाप. मग 'मी पापी आहे' हे वाक्य चारित्र्याच्या दाखल्यासारखं राहत नाही. 'मी कोण?' या प्रश्नाचं ते उत्तर होऊ लागतं.

हे तत्त्वज्ञानाच्या वर्गात ठीक आहे. पण आपल्या मुलखातल्या एखाद्या माणसाने हे उत्तर अंगावर घेतलं तेव्हा काय झालं, हे मला आज पाहायचं आहे. आणि त्यासाठी रमाबाईंची 'साक्ष' घेतली आहे. 'अ टेस्टिमनी ऑफ अवर इनएक्झॉस्टिबल ट्रेझर' ही ती इंग्रजी पुस्तिका, १९०७ साली केडगावच्या मुक्ती मिशनमधून निघालेली. मी स्वतः ख्रिस्ती नाही, हे आधी सांगतो. रमाबाईंवर बोलताना वक्ता कुठल्या बाजूचा आहे, हे श्रोते अजूनही चाचपून पाहतात, म्हणून.

या पुस्तिकेचा साचा ठरलेला आहे. आधी अंधार, मग प्रकाश. इव्हँजेलिकल परंपरेत शेकडो लोकांनी अशा साक्षी लिहिल्या, आणि काही परिच्छेद असे आहेत की लेखकाचं नाव बदललं तरी चालेल. हे मी रमाबाईंचा आदर ठेवून म्हणतोय. त्यांचं १८८९ सालचं अमेरिकेचं प्रवासवृत्त आठवा. काय त्या बाईंची नजर, काय कुतूहल, मधूनच कसे चिमटे! साक्षीत जिथे जिथे स्वतःच्या पापीपणाचं वर्णन येतं तिथे ती नजर मिटल्यासारखी वाटते. शब्द उसने वाटतात.

पण मग एक जागा येते. कलकत्त्यात केशवचंद्र सेन त्यांना वेद वाचायला सांगतात, पुस्तकही देतात. आपल्या संस्कारांमुळे त्या आधी कचरतात, मग वाचू लागतात. धर्मशास्त्रं वाचून झाल्यावर त्या नोंदवतात की बाकी सगळ्या बाबतीत या ग्रंथांचं एकमेकांशी जुळत नाही, पण एका गोष्टीवर एकमत आहे : स्त्रीजात मुळात वाईट, तिला पुरुषासारखा मोक्ष नाही. शूद्रांची गत तीच. ही तक्रार हवेतली नव्हे. गीतेच्या नवव्या अध्यायात 'पापयोनि' हा शब्द आहे, आणि शंकराचार्यांचं भाष्य त्यात स्त्रिया, वैश्य आणि शूद्र यांना धरतं. दुसरा अन्वय लावणारे अभ्यासक आहेत, त्यांचं म्हणणं मला ठाऊक आहे. पण परंपरेत शतकानुशतकं काय वाचलं गेलं, हा प्रश्न अन्वयाने सुटत नाही. त्यात रमाबाई तेविसाव्या वर्षी विधवा. वैधव्य हे बाईच्याच मागल्या जन्मीच्या पापाचं फळ मानलं जातं, हे त्यांनी १८८७ च्या 'द हाय-कास्ट हिंदू वुमन'मध्ये स्पष्ट लिहून ठेवलं आहे.

म्हणजे पाप हा शब्द त्यांना कुणी इंग्लंडात शिकवला नाही. तो त्यांच्या जन्माला चिकटलेलाच होता. फक्त तो सगळ्यांना सारखा चिकटलेला नव्हता. कुणाच्या वाट्याला योनीनेच जास्त, कुणाच्या कमी.

आता दुसरं टोक. १८८३ साली त्या इंग्लंडला वाँटेज इथल्या भगिनींकडे राहतात. त्या भगिनी त्यांना लंडनमध्ये फुलहॅमला आपल्या संस्थेने चालवलेलं पतित स्त्रियांचं आश्रयस्थान दाखवतात. आपल्या समाजाने ज्यांना दारात उभं केलं नसतं अशा बायका तिथे दुसऱ्यांची सेवा करताना दिसतात. हे कशामुळे, असं रमाबाई विचारतात. एक भगिनी त्यांना योहानाच्या चौथ्या अध्यायातली शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवते. विहिरीवर आलेली, पाच नवरे झालेली बाई. येशू तिच्याकडे पाणी मागतो आणि तिच्याशी बोलत बसतो, तेही धर्मावर! ज्यांनी संस्कृताच्या अधिकारासाठी आपल्या आईवडिलांना समाजाबाहेर राहिलेलं पाहिलं, त्या मुलीला या गोष्टीत काय दिसलं असेल? मला वाटतं, क्षमा नंतर दिसली असेल. आधी दिसला तो अधिकार.

माझा मुद्दा एवढाच आहे. सगळेच पापी, असं म्हणणारा सिद्धांत ज्याच्या कपाळी आधीच जास्तीचं पाप लिहिलंय त्याला खाली ओढत नाही, वर आणतो. फार वर्षांपूर्वी अहमदनगर जिल्ह्यातली एक विद्यार्थिनी माझ्या एम.ए.च्या वर्गात होती. मूळ पापाच्या सिद्धांतावर मी जोरात टीका करत होतो, माणसाची अवहेलना वगैरे. ती उठून म्हणाली, "सर, आमच्या पणजीला मडमेने सांगितलं की तू पापी आहेस. पणजीने विचारलं, आणि वाड्यातल्या पाटलीणबाई? मडम म्हणाली, त्याही. तेव्हा पणजी म्हणाली, मग मला मान्य आहे." वर्ग हसला. मी घरी जाऊन टिपणं बदलली.

इथे थांबलो तर गोष्ट फार गोड होईल, आणि खोटी होईल. कारण जी समता सिद्धांताने दिली ती चर्चने लगेच परत मागितली. रमाबाईंचा आणि सिस्टर जेराल्डाइनचा पत्रव्यवहार ए. बी. शाह यांच्या संपादनाखाली १९७७ साली पुस्तकरूपाने आला. तो प्रत्येकाने वाचावा. गळ्यातल्या क्रूसावर लॅटिन अक्षरं नकोत, मला ती भाषा येत नाही, संस्कृत चालेल, असं रमाबाई म्हणतात. मांस खाणार नाही म्हणतात. त्रैक्याचा सिद्धांत बायबलमध्ये कुठे आहे ते दाखवा म्हणतात. चेल्टनहॅमला त्यांनी मुलग्यांना शिकवू नये म्हणून बिशप मंडळी आडवी येतात, तेव्हा आमच्या पुरोहितांचं जोखड काढून टाकलं ते दुसरं मानेवर घ्यायला नव्हे, अशा आशयाचं त्या लिहितात. आणि या सगळ्याला सिस्टरबाईंकडे एकच नाव आहे : गर्व. म्हणजे पाप. म्हणजे परत तेच!

गर्व हे मूळ पाप, ही ऑगस्टिनपासूनची शिकवण. विसाव्या शतकात राइनहोल्ड नीबूरने ती नव्याने मांडली. १९६० साली व्हॅलरी सेव्हिंग या अमेरिकन अभ्यासिकेने एका लेखात त्यावर बोट ठेवलं. तिचं म्हणणं असं, की हे निदान पुरुषाच्या अनुभवावरून केलेलं आहे. ज्याचा 'मी' फुगलाय त्याला 'मी' सोड सांगणं ठीक. पण जिला 'मी' घडवूच दिला नाही, जी दुसऱ्यांसाठी झिजून विरून गेली, तिचा दोष उलटा असतो. तिला नम्रतेचा उपदेश म्हणजे जुलाब झालेल्याला एरंडेल देणं. उपमा माझी, सेव्हिंगबाईंची नव्हे.

या चष्म्यातून मला मुक्तीमधला १९०५ सालचा प्रसंग त्रास देतो. त्या वर्षी तिथे मोठं आध्यात्मिक पुनरुज्जीवन झालं. मुली मोठमोठ्याने रडून पापं कबूल करू लागल्या, असं वृत्तांत सांगतात. त्यांतल्या कितीतरी जणी दुष्काळातून उचलून आणलेल्या. मी विचार करतो, या पोरींनी कुठलं पाप केलं होतं? त्यांच्यावरच ते झालं होतं. मग त्या रडत होत्या ते कशासाठी? जे आपल्या हातून घडलं नाही त्याचाही दोष आपला, असं कुणी त्यांच्या मनात घातलं? की, आपलं हे हाल मागल्या जन्मीचं देणं नव्हतं, हे पहिल्यांदा कळल्यावर बांध फुटला? वृत्तांत लिहिले ते बहुधा मिशनच्या बाजूच्या लोकांनी. मुलींचं म्हणणं त्यात शोधावं लागतं. मला उत्तर सापडलेलं नाही, आणि ज्यांना चटकन सापडतं, या बाजूचे असोत की त्या, त्यांच्यावर माझा विश्वास बसत नाही.

पुन्हा साक्षीकडे. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी रमाबाईंच्या हाती विल्यम हॅस्लम या इंग्रज धर्मोपदेशकाचं पुस्तक येतं. हा गृहस्थ दीक्षित पाद्री, वर्षानुवर्षं प्रवचनं करणारा, आणि त्याला एक दिवस कळतं की आपलंच परिवर्तन झालेलं नाही. रमाबाई दचकतात. आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, ख्रिस्त मिळाला नाही, असा त्यांचा निष्कर्ष. मला हे विधान पुस्तिकेतलं सर्वांत धाडसी वाटतं. कारण त्यात त्या स्वतःचंच नवं लेबल फाडतात. इकडे पुण्यात लोक त्यांना बाटगी म्हणतायत. १८९३ साली शारदा सदनाच्या सल्लागार मंडळातून रानडे-भांडारकरांसारखी माणसंही राजीनामा देऊन बाहेर पडणार आहेत. तिकडे वाँटेजला त्या पुरेशा ख्रिस्ती नाहीत. दोन्हीकडून एकच सवाल : बाई, तू कुणाची?

आणि या सवालाचं उत्तर पुस्तिकेत फार आधी येऊन गेलेलं आहे. १८७४ च्या सुमारास, दक्षिणेत दुष्काळ. अनंतशास्त्री डोंगरे म्हातारे, जवळजवळ आंधळे झालेले, घरात अन्न नाही. ते जलसमाधी घ्यायचं ठरवतात आणि एकेकाचा निरोप घेतात. धाकट्या रमेला जवळ घेऊन सांगतात की तू माझी सर्वांत लाडकी, मी तुला देवाच्या हाती दिलंय, तू त्याची आहेस, जन्मभर त्याचीच राहा. मग मुलगा म्हणतो, मी जातीचा अभिमान सोडून मजुरी करतो, आणि म्हातारा थांबतो. पण थोड्याच दिवसांत जातो. मागोमाग आई, बहीण.

साक्षीच्या साच्यानुसार हा सगळा काळ अंधाराचा. रमाबाईही मान्य करतात की वडिलांना बायबलातला देव ठाऊक नव्हता. पण त्यांची प्रार्थना त्या अज्ञात देवाने ऐकली असेल, असं सुचवायला त्या कचरत नाहीत. इथे उसनं काही नाही, इथे नजर उघडी आहे. श्रद्धेत स्वतःची ओळख सापडली असं ख्रिस्ती माणूस म्हणतो तेव्हा 'मी अमुक पंथाचा' एवढं त्याला म्हणायचं नसतं, 'मी कुणाचा तरी आहे' असं म्हणायचं असतं. आणि रमाबाईंना हे वाक्य कर्मठ वैष्णव बापाने, उपाशीपोटी, संस्कृत शिकवलेल्या बायकोच्या देखत दिलेलं आहे. आधी अंधार, मग प्रकाश हा साचा त्यांच्या स्वतःच्या पुस्तिकेत त्या एका पानावर मोडतो, आणि त्यांनी तो दुरुस्त केलेला नाही. केला असता तर ही पुस्तिका मी आज घेतलीच नसती.

पुढे त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, साध्या बायकांना कळेल अशा मराठीत सगळं बायबल उतरवलं. ते छापून झालं तेव्हा, १९२४ साली, त्या जाऊन दोन वर्षं झाली होती. त्या भाषांतरात पापासाठी आणि क्षमेसाठी त्यांनी कुठे कोणते शब्द वापरले, हे जुन्या भाषांतरांशी ताडून पाहायला हवं. आपल्यात कुणी तरुण असेल तर त्याने हे काम घ्यावं, माझे डोळे आता साथ देत नाहीत.

वेळ झाली, संयोजक घड्याळ दाखवतायत. प्रश्न घेऊ या. जिन्यातले गृहस्थ आले असतील तर पहिला त्यांचा.