निगेटिव्ह सुलटी करताना : ‘निगाडॉक्टर’ची तपासणी

घरोघरी एखाद्या पत्र्याच्या डब्यात किंवा अल्बमच्या मागच्या खिशात जुन्या निगेटिव्ह पडून असतात. छापलेले फोटो वाटले गेले, हरवले, पण निगेटिव्ह राहिल्या. त्यांवरून कागदावर फोटो छापून देणारी दुकाने आता फारशी उरलेली नाहीत. म्हणून स्कॅनरने किंवा डिजिटल कॅमेऱ्याने निगेटिव्हची प्रतिमा घ्यायची आणि संगणकाकडून ती सुलटी करून घ्यायची, हा मार्ग रूढ झाला आहे. या कामाच्या आज्ञावली अनेक आहेत आणि त्यांच्या नव्या आवृत्त्याही सतत येत असतात. नव्या आवृत्तीत रंग अधिक चांगले येतात असे सांगितले जाते. चांगले म्हणजे काय, हे मात्र क्वचितच सांगितले जाते.

म्हणून यांपैकी एका बदलाची आपण बारकाईने तपासणी करू. ‘डार्कटेबल’ हे मोफत आणि मुक्त सॉफ्टवेअर आहे. त्याच्या ३.२ या आवृत्तीत, ऑगस्ट २०२० मध्ये, ‘निगाडॉक्टर’ नावाचा विभाग आला. त्याआधी हे काम ‘इन्व्हर्ट’ नावाचा साधा विभाग करीत असे. या दोहोंमधला फरक केवळ सोयीचा नाही, तो विज्ञानाचा आहे.

जुना विभाग वजाबाकी करीत असे. कोऱ्या फिल्मचा रंग घ्यायचा आणि त्यातून चित्रातल्या प्रत्येक बिंदूची किंमत वजा करायची. काळ्याचे पांढरे आणि पांढऱ्याचे काळे होते, त्यामुळे हे बरोबर असावे असे सहज वाटते. पण फिल्म वजाबाकी करीत नाही. एक सोपे उदाहरण घेऊ. समोरच्या दृश्यातील चार भागांकडून येणारा प्रकाश १, २, ४ आणि ८ या प्रमाणात आहे. प्रकाश दुप्पट झाला की फिल्ममधून आरपार जाणारा प्रकाश निम्मा होतो असे धरू. मग निगेटिव्हमधून अनुक्रमे १/२, १/४, १/८ आणि १/१६ इतका प्रकाश पार होईल. या किमती १ मधून वजा केल्या तर १/२, ३/४, ७/८ आणि १५/१६ मिळतात. मूळ दृश्यात सर्वांत उजळ भाग सर्वांत अंधाऱ्या भागाच्या आठपट उजळ होता. आता तो दुप्पटही राहिला नाही. उजळ भाग एकमेकांना चिकटले. आता वजाबाकीऐवजी भागाकार करून पाहा. १ ला या किमतींनी भागले की २, ४, ८, १६ मिळतात, म्हणजे मूळचेच १ : २ : ४ : ८ हे प्रमाण.

हे ज्ञान नवे नाही. फर्डिनांड हर्टर आणि व्हेरो ड्रिफिल्ड यांनी १८९० साली इंग्लंडमध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात फिल्मच्या काळेपणाचे माप म्हणून ‘घनता’ ही कल्पना मांडली. दहावा हिस्सा प्रकाश पार झाला तर घनता १, शंभरावा हिस्सा पार झाला तर २. म्हणजे घनता हा लॉगॅरिदम आहे. एक काच निम्मा प्रकाश सोडत असेल तर तशाच दोन काचा पाव प्रकाश सोडतात. पारगमनाचा गुणाकार होतो आणि घनतांची बेरीज. ‘निगाडॉक्टर’ याच हिशेबावर उभा आहे. १९९० च्या दशकात कोडॅकने चित्रपटांच्या फिल्म स्कॅन करण्यासाठी ‘सिनेऑन’ ही पद्धत तयार केली होती. तिचे घनतेचे गणित त्याने घेतले आहे.

रंगीत निगेटिव्हच्या बाबतीत हा फरक आणखी महत्त्वाचा ठरतो. तिचा नारिंगी रंग आपण सर्वांनी पाहिला आहे. तो तेथे मुद्दाम ठेवलेला असतो. निगेटिव्हमधील किरमिजी रंजकद्रव्याने फक्त हिरवा प्रकाश शोषावा अशी अपेक्षा असते, पण ते थोडा निळाही शोषते. निळसर-हिरव्या रंजकद्रव्यातही असाच दोष असतो. त्यावर उपाय म्हणून, ज्या रसायनांपासून ही रंजकद्रव्ये बनतात ती रसायनेच थोडी रंगीत ठेवतात. जेथे रंजकद्रव्य बनते तेथे हे रसायन खर्च होते. जेथे बनत नाही तेथे ते शिल्लक राहते. रंजकद्रव्याचा दोष आणि शिल्लक रसायनाचा रंग यांची बेरीज त्यामुळे सगळीकडे जवळजवळ सारखी होते. ती सारखी बेरीज म्हणजेच नारिंगी झाक. ती सर्वत्र सारखी असल्यामुळे कोऱ्या फिल्मच्या रंगाने भागले की निघून जाते. वजाबाकीने ती नीट जात नाही. उजळ भागात एक आणि गडद भागात दुसरी झाक उरते.

‘निगाडॉक्टर’चा दुसरा गुण त्याच्या मांडणीत आहे. त्याचे तीन भाग आहेत : फिल्मचे गुणधर्म, रंगांची दुरुस्ती आणि छपाई. फिल्मच्या भागात कोऱ्या फिल्मचा रंग आणि घनतेचा पल्ला ठरवायचा. छपाईच्या भागात कागदाची ग्रेड, कागदाचा काळा रंग, चकाकी आणि छापताना द्यायचा प्रकाश ही बटणे आहेत. ऊटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सच्या ‘इंदू’ कागदावर ज्यांनी डार्करूममध्ये काम केले असेल, त्यांना हे शब्द ओळखीचे वाटतील. फिल्म दृश्यातील उजेडाचा फरक कमी करून साठवते आणि कागद तो पुन्हा वाढवतो, हे या मांडणीतून आपोआप शिकता येते. प्रत्येक बटणामागे एक भौतिक राशी आहे. शिकवण्याच्या दृष्टीने ही फार मोठी गोष्ट आहे.

आता उणिवा. पहिली, या विभागाला चित्राबाहेरची थोडी कोरी फिल्म लागते. पुष्कळ स्कॅन कडा कापून केलेले असतात. तेथे फिल्मचा रंग अंदाजाने ठरवावा लागतो आणि पुढचा सगळा हिशेब त्या अंदाजावर उभा राहतो. दुसरी, बटणे ठरावीक क्रमानेच वापरायला हवीत. नंतर मागे जाऊन फिल्मचा रंग बदलला तर पुढचे सारे बिघडते, पण पडदा तसे बजावत नाही. तिसरी उणीव अधिक खोल आहे. जुन्या निगेटिव्हमधील तीन रंजकद्रव्ये सारख्या वेगाने विटत नाहीत. रंगांच्या दुरुस्तीसाठी आपण चित्रातला एखादा करडा किंवा पांढरा भाग दाखवायचा असतो. पण ती भिंत खरोखर पांढरी होती की फिकट निळी, हे संगणकाला कळणार नाही. ते घरातल्या मोठ्या माणसांनाच विचारायला हवे.

तरीही एका बटणात सारे उरकणाऱ्या आज्ञावलींपेक्षा मला ही पद्धत श्रेष्ठ वाटते. तशा आज्ञावली बहुधा प्रत्येक चित्रातील सर्वांत उजळ आणि सर्वांत गडद भाग शोधून चित्र ताणतात. त्यामुळे सूर्यास्ताचा तांबूस प्रकाशही धुऊन पांढरा होतो. ‘निगाडॉक्टर’मध्ये संपूर्ण रोलला एकच मापे लावता येतात. मग एका फोटोतले ढगाळ आकाश आणि दुसऱ्यातले कडक ऊन यांतला फरक टिकून राहतो. हा फरक म्हणजे त्या दिवसाचा पुरावाच.

नव्या आवृत्तीचे मूल्यमापन करताना आणखी एक प्रश्न विचारायला हवा : काल केलेल्या कामाचे काय होते? डार्कटेबल मूळ स्कॅनला हात लावत नाही. केलेल्या क्रियांची नोंद वेगळ्या छोट्या फाइलमध्ये ठेवते. जुन्या ‘इन्व्हर्ट’ने केलेली चित्रे जुन्याच पद्धतीने दिसत राहतात. नवे गणित जुन्या फोटोंवर गुपचूप लादले जात नाही. सॉफ्टवेअर निवडताना हा निकष रंगांच्या झगमगाटापेक्षा वरचा मानावा.

शाळेच्या जुन्या कार्यक्रमांच्या निगेटिव्ह सापडल्या, तर त्या कडांसकट स्कॅन कराव्यात आणि सुलट्या न केलेल्या प्रतिमाही जपून ठेवाव्यात. स्कॅन झाले म्हणून निगेटिव्ह फेकू नयेत. सुलटे केलेले चित्र हा एका आज्ञावलीच्या एका आवृत्तीने लावलेला अर्थ असतो. उद्या कोणी अधिक चांगले गणित आणले, तर ते लावण्यासाठी मूळ वस्तू हाती असली पाहिजे. आणि दहावीच्या वर्गात वरचे चार आकड्यांचे उदाहरण फळ्यावर जरूर मांडावे. आधी वजाबाकी करून घ्यावी, मग भागाकार, आणि कोणते उत्तर दृश्याशी जुळते हे मुलांनाच ठरवू द्यावे.